रिकामा रिटर्न आला म्हणजे डिस्क निघाली का?

कडक_भाकरी
क्यूईएमयू म्हणजे कॉम्प्युटरात आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम, आणि क्यूएमपी ही त्याला बाहेरून कमांड द्यायची भाषा. परवा इथल्याच एका ज्येष्ठांनी पोरांना मंत्र दिला: "क्यूएमपीवर कमांड टाकायची, रिटर्न आला की काम झालं, पुढची टाकायची. इव्हेंट-बिव्हेंटच्या नादी लागू नका." खाली पोरांनी हात जोडलेत. मालक, याच समजुतीपायी माझी एक अख्खी रात्र गेलीय, म्हणून जरा लांबच लिहितो.

डिव्हाइस-डेल (चालू मशीनमधून डिस्क काढायची कमांड) टाकलं की रिकामा महिरपी कंस परत येतो. त्याचा अर्थ एवढाच, की क्यूईएमयूनं गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनला, निरोप धाडला: बाबा, ही डिस्क सोड. सोडायची का नाही ते गेस्टच्या हातात. खरंच निघाली की डिव्हाइस-डिलीटेड हा इव्हेंट, म्हणजे क्यूईएमयूनं आपणहून धाडलेली बातमी, येतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमच्या स्क्रिप्टनं रिटर्न बघितला आणि लगेच ब्लॉकडेव्ह-डेल (त्या डिस्कची क्यूईएमयूकडची बाजू काढायची कमांड) हाणलं. एरर: वापरात आहे. स्क्रिप्ट लई हुशार, परत पहिल्यापासून सुरू. आणि गेस्ट कुठं? ग्रबच्या मेनूवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम सुरू व्हायच्या आधीच, थांबलेला. तिथं निरोप घ्यायला कोण बसलंय? पहाटे चारपर्यंत तेच दळण. सिस्टम-पॉवरडाउनचंही तसंच. बटण दाबलं एवढं कळतं, मशीन बंद झालं का ते कळत नाही.

भुईकोट
तो ज्येष्ठ मीच. नाव घ्यायला लाजू नका. तुमचा इव्हेंट छान आहे, पण सॉकेट, म्हणजे क्यूईएमयूशी असलेली जोडणी, तुटलं तर? क्यूईएमयू तुमच्यासाठी इव्हेंट साठवून ठेवत नाही. तुमचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट होताना आला, तो गेला. मग बसा पुढच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत वाट बघत. मी दर सेकंदाला क्वेरी मारतो, आत्ता काय स्थिती आहे ते विचारतो. दिसायला घाण आहे, पण चालतंय.

कडक_भाकरी
क्वेरी मारता हे मंत्रात कुठं होतं? आणि तुमचा नमुना कोड वाचला. कमांड पाठवल्यावर येणारी पुढची एक ओळ वाचता आणि तिलाच उत्तर समजता. मध्येच आरटीसी-चेंज टपकला तर? गेस्टनं घड्याळ बदलल्याची बातमी, ती तुमच्या डिस्कचं उत्तर होणार! कमांडला आयडी लावा की. तोच आयडी उत्तरात परत येतो, इव्हेंटला तो नसतोच.

भुईकोट
दहा ओळींचा नमुना होता तो, प्रबंध नव्हे.

नळाला_रांग
तुम्ही दोघं घरी पाणी भरत नाही हे उघड आहे. आमच्या पेठेत चावीवाला ग्रुपवर टाकतो, "पाणी सोडलंय." हा झाला तुमचा रिटर्न. त्यानं चावी फिरवली, बास. बोळात पाणी कधी पोचलं, पोचलं का नाही, त्याचा इव्हेंट कुणी पाठवत नाही. मागच्या खेपेला रात्री दीडला आई हंडे लावून बसली. नळातून तासभर नुसती हवा.

दुमजली
तुम्हाला मेसेज तरी येतो! आमच्याकडं पाचव्या दिवशी म्हणून जागलो, आलं सहाव्या दिवशी, तेही सगळे कामावर गेल्यावर. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमचं पिंप कोरडंच.

नळाला_रांग
वरच्या मजल्यावर मोटर लावून तुमच्यासारखे ओढणार, मग खालच्यांच्या नळाला हवाच येणार.

दुमजली
मोटर न लावता दुसऱ्या मजल्यावर एक कळशी चढवून दाखवा, मग शिकवा मला. आणि "तुमच्यासारखे" म्हणजे कोण हो?

मागावरचा_पोरगा
नळावरचं भांडण नळावर करा राव. वडिलांचे चार माग होते आमचे, टॉवेलचे. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की फोर्क (धागा चाचपणारा काटा) ते ओळखतो आणि माग आपसूक थांबतो. आवाज बदलतो तो इव्हेंट. पण तुम्ही चहाला गेला होता, आवाज ऐकलाच नाही, तरी काही बिघडत नाही. परत आल्यावर माग थांबलेलाच दिसतो, कुणीतरी धागा जोडून चालू करेपर्यंत. क्यूएमपीच्या ब्लॉक जॉबला (डिस्कची कॉपी वगैरे लांब चालणारं काम) ऑटो-डिसमिस बंद ठेवा, अगदी तसंच होतं. जॉब संपला तरी कन्क्लूडेड म्हणून यादीत राहतो, तुम्ही जॉब-डिसमिस म्हणेपर्यंत. ऑटो-डिसमिस चालू ठेवलं तर संपला की यादीतून गायब. इव्हेंट हुकला असेल तर तो पास झाला का नापास, विचारायचं कुणाला?

भुईकोट
म्हणजे शेवटी क्वेरी-जॉब्सच (जॉबची यादी मागायची कमांड) मारायचं ना? मी वेगळं काय सांगत होतो?

कडक_भाकरी
दर सेकंदाला नाही हो! इव्हेंट आला की उठायचं आणि क्वेरीनं खात्री करायची. सॉकेट नव्यानं जोडलं तर आधी क्यूईएमयूचं ग्रीटिंग येतं, मग आपण क्यूएमपी-कॅपॅबिलिटीज ही सुरुवातीची कमांड द्यायची, आणि लगेच क्वेरी. इव्हेंट तोवर सुरू झालेले असतात, मध्ये फट राहत नाही. तुटल्यावर क्वेरीला पर्याय नाही, हे तुमचं बरोबर. एकदाच म्हणतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भुईकोट
काढला. नमुन्यात आयडी टाकलाय. पोस्ट मात्र काढणार नाही, पोरांनी हात जोडलेत.

नळाला_रांग
आत्ता पाणी आलंय. मेसेज नाही, काही नाही. @दुमजली, अर्धा तास तरी मोटर बंद ठेवा.