चिंताळू स्वभाव आणि डिमेन्शिया: संबंध किती खरा?

सायली: चिंताळू माणसांना उतारवयात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा, धोका जास्त, असं बरेचदा वाचनात येतं. म्हणजे स्वभावच मेंदू पोखरतो का? आणि साठीनंतर माणसाचा स्वभाव पालटला तर काय समजायचं?

निखिल: पोखरतो म्हणायला आधार नाही. 2023 मध्ये आठ दीर्घकालीन अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यातल्या 44,531 जणांपैकी 1,703 जणांना डिमेन्शिया झाला. चिंताळूंमध्ये निदान जास्त, शिस्तशीर आणि माणसांत रमणाऱ्यांमध्ये कमी. पण मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा अल्झायमरच्या खुणांशी स्वभावाचा ठाम मेळ बसला नाही. मला यातून एवढंच दिसतं, की बिघाड तेवढाच असूनही काहींचं रोजचं जगणं जास्त काळ नीट चालतं.

वृषाली: शिस्तशीरपणाचा फायदा बहुधा सवयींतून होतो, आणि सवयी लावून घेता येतात. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी, चाळिशीपासून वरचा रक्तदाब 130 च्या आत, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. ते कपाटात पडून राहिलं तर उपयोग शून्य. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले. त्यांत स्वभाव नाही. नैराश्य, एकटेपणा आणि बहिरेपणा आहेत. चिंताळू माणसाला ‘काळजी करू नका’ सांगून काही होत नाही, नैराश्यावर उपचार मात्र होतात.

अनिरुद्ध: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पन्नाशीनंतर नव्यानेच दिसू लागलेला आणि सहा महिने टिकलेला बदल गंभीरपणे घ्या: कशातच रस नसणं, चारचौघांत भलतंच बोलणं, आपल्या माणसाच्या दुखण्याचं काहीच न वाटणं. जन्मभर तापट असलेला माणूस आजही तापट असेल, तर तो यात येत नाही.

माहिती घरच्यांकडून घ्या. आजारात स्वतःतला बदल जाणवेनासा होतो, त्यामुळे स्वभावाची प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरली की उत्तरं जुन्या स्वभावाचीच येतात. ‘आधी काय करायचे, आता काय करतात, कधीपासून’ एवढं लिहून न्या. ‘विचित्र वागतात’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘दर महिन्याला वीजबिल स्वतः भरायचे, मार्चपासून तीनदा राहिलं’ यावरून कळतं.

आधी थायरॉइड, बी-12, नैराश्य आणि चालू औषधं तपासायला सांगा. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही माणूस सुस्त, गोंधळलेला होतो. आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत चांगले गुण पडले म्हणून थांबू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानांजवळचा भाग बिघडतो त्या प्रकारात, आधी वागणं बिघडतं, स्मरण बराच काळ शाबूत राहू शकतं. वर्णन तसं जुळत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा.