मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये मावशीसाठी नर्सिंग होम, साठवलेले पैसे संपल्यावर काय?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये घरातल्या कुणाला स्वखर्चाने केअर होममध्ये ठेवलं असेल तर कृपया अनुभव लिहा. होमने आठवडाभरात करारावर सही मागितली आहे.

मावशी ८६ वर्षांची. मूलबाळ नाही, काका जाऊन सहा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण धरल्याशिवाय उभं राहता येत नाही आणि रात्री गोंधळते. हॉस्पिटल म्हणतं, नर्सिंग होमच हवं. (भारतातल्या मंडळींसाठी: इथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे. चोवीस तास नर्स असते आणि माणूस तिथेच कायमचा राहतो.) माझ्या घरी झोपायच्या खोल्या वर आहेत, आम्ही दोघं दिवसभर कामावर. तिला घरी आणता येत नाही याचं फार वाईट वाटतं.

काकांच्या आजारपणात घर विकलं, त्यामुळे घराचा प्रश्न नाही. बँकेत १ लाख १० हजार पौंड आहेत. कौन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) मदत मिळायला बचतीची मर्यादा २३,२५० पौंडांची, म्हणून कौन्सिलने सांगितलं की तिचं तिलाच भरावं लागेल. माझ्याजवळच्या होमची फी आठवड्याला १,४०० पौंड. पेन्शन आणि अटेंडन्स अलाउन्स (वृद्धांना देखभालीसाठी मिळणारा सरकारी भत्ता) मिळून साधारण २९० येतात. म्हणजे दर आठवड्याला १,१०० च्या वर पुंजीतून जाणार आणि दीड वर्षात ती मर्यादेपर्यंत येणार. फी वाढली तर त्याआधीच.

खरी भीती त्यानंतरची आहे. कौन्सिल स्वतःच्या नेहमीच्या दरानेच पैसे देते आणि तो दर स्वतः भरणाऱ्यांच्या फीपेक्षा बराच कमी असतो. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने (सीएमए, ग्राहकांचं हित बघणारी इथली सरकारी संस्था) २०१७ मध्ये तपासलं तेव्हा एकाच होममध्ये स्वतः भरणारे सरासरी ४१ टक्के जास्त देत होते. मग वरचा फरक मी भरायचा, नाहीतर तिला दुसरीकडे हलवायचं? नव्वदीच्या जवळ आलेल्या, गोंधळणाऱ्या माणसाला पुन्हा नवी खोली, नवी माणसं? या होममध्ये एक गुजराती केअरर आहे, तिच्याशी मावशी मोडक्या हिंदीत खुशाल गप्पा मारते. हल्ली तिला इंग्रजी शब्दच आठवत नाहीत.

करारात तीन गोष्टी खटकल्या. नर्सिंगच्या खर्चापोटी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) होमला थेट पैसे देते (२०२५-२६ मध्ये आठवड्याला २५४.०६ पौंड). ते आल्यावर मावशीची फी तेवढी कमी होईल की होम ते वर ठेवून घेईल, याबद्दल करारात एक शब्द नाही. विचारलं तर मॅनेजर म्हणाल्या, "बघू." दुसरं, माझी वैयक्तिक हमीदार म्हणून सही हवी आहे. माझ्याकडे तिची पॉवर ऑफ अटर्नी आहे, तिच्या वतीने सही मी आनंदाने करीन, पण हमीदार? तिसरं लिहायलाही जड जातं: मृत्यूनंतर चार आठवड्यांची फी. त्याच प्राधिकरणाच्या २०१८ च्या मार्गदर्शनात साधारण तीन दिवस, खोली रिकामी झाली नसेल तर फार तर दहा, असं वाचलं आहे. कुणी हे कलम बदलून घेतलंय का?

आणि हॉस्पिटलने एनएचएस कंटिन्युइंग हेल्थकेअरसाठीची (यात पात्र ठरलं तर देखभालीचा सगळा खर्च एनएचएस उचलते) तपासणी केलेली नाही. ती होमला जाण्याआधीच मागू, की नंतरही मिळते?

दुसरा पर्याय चाळीस मैलांवर आहे. फी १,१५०, आणि कौन्सिलच्या दरावर राहणारी बरीच माणसं तिथे आहेत, म्हणजे पैसे संपल्यावर हलवण्याची भीती कमी. पण मला आठवड्यातून एकदाच जाता येईल. जवळच्या होमला "पैसे संपल्यावर कौन्सिलच्या दराने ठेवू" हे आधीच लिहून द्यायला कुणी लावलं आहे का? ते लिहून देत असतील तर मी उद्याच सही करते. नाही म्हणाले तर तुम्ही काय केलं असतं?