आजार स्थिर, औषधे तीच: मग कोड ९९२१३ की ९९२१४?

प्रश्न: नवी कोडर, सांगली

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीवरून बिलासाठी कोड देण्याच्या कामाकडे, वळले आणि गेले आठ महिने विश्रामबागेतल्या घरूनच अमेरिकेतील एका फॅमिली मेडिसिन क्लिनिकचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या भेटींच्या नोंदी, पाहते. दर शुक्रवारी ऑडिटची शीट येते आणि तीत माझ्या बहुतेक चुका ऑफिस व्हिजिटच्या, म्हणजे क्लिनिकमधील भेटीच्या, लेव्हलच्याच असतात; जुन्या रुग्णासाठी ९९२१३ ही खालची आणि ९९२१४ ही तिच्या वरची लेव्हल. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील वगळून दोन चार्ट येथे मांडते.

पहिल्या चार्टमधील रुग्ण जुना असून त्याला मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. दोन्ही आजार आटोक्यात असल्याचे डॉक्टरांनी आकड्यांसह लिहिले आहे, मेटफॉर्मिन आणि लिसिनोप्रिल त्याच डोसमध्ये चालू ठेवले आहे आणि तीन महिन्यांनी बोलावले आहे. नोंद जेमतेम बारा ओळींची आहे. नवीन काहीच घडलेले नाही म्हणून मी ९९२१३ दिला, तो ऑडिटमध्ये ९९२१४ झाला. दुसऱ्या चार्टची नोंद चार पानांची आहे. त्यात घसादुखी, दोन दिवसांचा ताप, घशाच्या स्वॅबची एक जलद चाचणी निगेटिव्ह, आणि सल्ला गुळण्यांचा व दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या तापाच्या गोळीचा. शेवटी मधुमेह, थायरॉईड आणि गुडघेदुखी यांची यादी जोडलेली आहे. तिथे मी ९९२१४ दिला आणि तो ९९२१३ वर आला. शेऱ्यात केवळ ‘एमडीएम पाहा’ एवढेच लिहिले आहे. माझे नेमके कुठे चुकते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर: ऑडिटर, सातारा

ताई, दोन्ही ठिकाणी ऑडिट बरोबर आहे आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. आपण नोंदीचा आकार आणि भेटीतील घडामोड मोजता, तर लेव्हल ठरते ती डॉक्टरांनी कोणत्या आजाराबाबत कोणता निर्णय घेतला यावरून. १ जानेवारी २०२१ पासून ऑफिस व्हिजिटसाठी इतिहास आणि शारीरिक तपासणी यांचे मुद्दे मोजणे बंद झाले, त्याच वेळी नवीन रुग्णासाठीचा सर्वांत खालचा ९९२०१ हा कोडही रद्द झाला, आणि तेव्हापासून लेव्हल एकतर एमडीएमवर, म्हणजे मेडिकल डिसिजन मेकिंगवर, किंवा त्या दिवशीच्या एकूण वेळेवर ठरते. एमडीएमचे तीन स्तंभ आहेत: समस्या, डेटा (सांगितलेल्या चाचण्या, पाहिलेले निकाल वगैरे) आणि जोखीम. तीनपैकी दोन स्तंभ ज्या पातळीला पोहोचतात, ती लेव्हल.

आता पहिला चार्ट घ्या. दोन स्थिर दीर्घकालीन आजार म्हणजे समस्यांच्या स्तंभात मध्यम पातळी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाबाबतचा निर्णय म्हणजे जोखमीच्या स्तंभात मध्यम पातळी. दोन स्तंभ झाले, डेटाकडे पाहण्याचीही गरज उरली नाही, कोड ९९२१४. आपल्याकडे ‘औषधे तीच चालू ठेवा’ असे केसपेपरवर लिहिले की ती हलकी भेट समजली जाते, आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायला गेले तर बरेच डॉक्टर फीसुद्धा घेत नाहीत, आणि हीच सवय नकळत आपल्या कोडिंगमध्ये उतरते. नवीन कोडरांच्या शीटवर ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. साखर आणि रक्तदाब पाहून, विचार करून तोच डोस चालू ठेवणे हाही पूर्ण वैद्यकीय निर्णय आहे. मात्र तो विचार नोंदीत दिसला पाहिजे; औषधांची यादी जशीच्या तशी खाली उतरवलेली असेल, तर तिच्या जोरावर ९९२१४ देऊ नका.

‘स्थिर’ हा शब्दही जपून वापरावा. येथे स्थिर म्हणजे उपचाराचे उद्दिष्ट गाठलेला आजार. रक्तदाब वर्षभर १५० च्याच आसपास असेल, रुग्णाला काहीही त्रास नसेल, पण डॉक्टरांना तो १३० च्या खाली हवा असेल, तर तो आजार न बदलताही अस्थिर ठरतो आणि मग तो एकटाच समस्यांचा स्तंभ मध्यम पातळीला नेतो.

दुसऱ्या चार्टमध्ये हाताळलेली समस्या एकच आहे. मधुमेह आणि थायरॉईड यांबद्दल त्या दिवशी ना तपासले गेले, ना काही ठरवले गेले. असे आजार केवळ नाव लिहिल्याने मोजले जात नाहीत. तापामुळे आपण बहुधा ‘सार्वदेहिक (संपूर्ण शरीरावरील) लक्षणांसह तीव्र आजार’ धरला असावा, परंतु किरकोळ आजारातला, गोळी देऊन उतरवला जाणारा ताप त्या व्याख्येत बसत नाही. समस्या कमी पातळीची, जोखीमही कमी पातळीची, म्हणून ९९२१३.

उत्तर: पूर्वीची स्टाफ नर्स, आता कोडर, मिरज

वरील उत्तरात वेळेचा मुद्दा राहिला आहे. जुन्या रुग्णासाठी ९९२१२ ला किमान १०, ९९२१३ ला २०, ९९२१४ ला ३० आणि ९९२१५ ला ४० मिनिटे लागतात. नवीन रुग्णासाठी ९९२०२ पासून अनुक्रमे १५, ३०, ४५ आणि ६०. यात डॉक्टरांनी त्याच दिवशी जुने कागद वाचण्यात, रुग्णाशी बोलण्यात आणि नोंद लिहिण्यात घालवलेला वेळ धरतात. नर्सने रक्तदाब घेण्यात किंवा इन्सुलिनचे पेन शिकवण्यात घालवलेली मिनिटे धरत नाहीत, आणि मी स्वतः वॉर्डात हे काम केलेले असल्यामुळे सुरुवातीला मला ते मनापासून खटकले, पण नियम तसाच आहे. वेगळी बिल केलेली प्रक्रिया असेल तर तिचाही वेळ वजा करावा.

प्रश्नकर्ती, सांगली

सर, ताई, मनःपूर्वक आभार. काल वहीच्या पानावर तीन स्तंभ आखून मागील शुक्रवारचे दहा चार्ट पुन्हा तपासले आणि त्यांपैकी तीन मी खालच्या लेव्हलला दिल्याचे आढळले. एक शंका उरली आहे. मागच्या भेटीत सांगितलेल्या एचबीएवनसी (सरासरी साखरेच्या) चाचणीचा निकाल डॉक्टरांनी या भेटीत पाहिला, तर डेटामध्ये एक मुद्दा धरावा का?

उत्तर: ऑडिटर, सातारा

धरू नये. चाचणी सांगितली त्याच भेटीत तिचा निकाल पाहणेही मोजले गेलेले असते. तीच चाचणी दुसऱ्या संस्थेतील डॉक्टरांनी सांगितली असेल आणि आपल्या डॉक्टरांनी या भेटीत निकाल पाहून तसे लिहिले असेल, तर मात्र एक मुद्दा मिळतो. चाचणी कोणी सांगितली हे नोंदीवरून कळत नसेल, तर अंदाजाने वरचा किंवा खालचा कोड न देता डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी.