मदत हवी आहे: ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० मधल्या जुन्या नोंदी कशा काढता येतील?

नमस्कार मंडळी,

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्प्रिंगा तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे आणि सध्या एका जुन्या फोनपायी माझे काम अडून राहिले आहे. फोन ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० आहे. २०१० ते २०१४ अशी चार वर्षे मी तो वापरला, त्यानंतर तो टेबलाच्या खणात पडून होता. त्याच्या मेमोपॅडमध्ये कामाच्या शंभरेक नोंदी आहेत आणि त्यांतली एक मला ताबडतोब हवी आहे.

नोंद कसली, हे सांगितल्याशिवाय माझी घाई आपल्याला कळणार नाही. चाकणच्या एका गिऱ्हाइकाने २०१० साली पॅकिंगच्या यंत्रासाठी आमच्याकडून स्टेनलेस तारेच्या टॉर्शन स्प्रिंगा (पिळाने जोर देणाऱ्या, दोन टोकांना पाय असलेल्या) करून घेतल्या होत्या. तेच यंत्र आता दुरुस्तीला आले असून त्यांना चाळीस नग हवे आहेत. ड्रॉइंग माझ्याकडे आहे. परंतु ड्रॉइंगवर तयार स्प्रिंगचे माप असते, ती कशावर गुंडाळायची ते नसते. तार मॅन्ड्रेलवरून, म्हणजे ती ज्या दांड्यावर गुंडाळतात त्यावरून, सुटली की उसळून थोडी मोठी होते, म्हणून मॅन्ड्रेल आतल्या व्यासापेक्षा लहान घ्यावा लागतो, आणि किती लहान ते त्या त्या तारेवर ठरते. त्यातून स्टेनलेसची स्प्रिंग ताण काढण्यासाठी भट्टीत घातली की आणखी किंचित उलगडते (कार्बन स्टीलची तार नेमकी उलटी वागते, ती आवळते), त्यामुळे पायांचा कोन भट्टीआधी मुद्दाम चुकीचा ठेवावा लागतो. तो नेमका किती चुकीचा ठेवायचा, हे आम्ही त्या वेळी चार दिवस तार वाया घालवून शोधले होते. चाळीस नगांसाठी पुन्हा तेवढी तार भंगारात घालणे मला परवडणारे नाही.

वहीत का लिहिले नाही, असे आपण विचाराल. वह्याही होत्या, पण तेलकट हातांनी वर्षभरात त्यांची पाने पारदर्शक होत. ब्लॅकबेरीची बटणे अंगठ्याच्या नखाने दाबता येत, हाताला ग्रीस असले तरी अक्षर उमटे, आणि सवय झाल्यावर तर लेथकडे बघत बघत टाइप करता येई. पुढे काचेचे फोन आले तेव्हा त्यांच्यावर तेलकट बोट नुसते घसरत असे, त्यामुळे आजूबाजूचे सगळे बदलले तरी मी बदललो नाही. शिवाय वरच्या कोपऱ्यातला तो लाल दिवा! तो लुकलुकला की मेल आला, हे यंत्राच्या आवाजातही पलीकडून दिसे. त्या काळी पुण्यात हातात ब्लॅकबेरी असलेल्या माणसाचा मेल येतो म्हणजे तो कामाचा माणूस, अशी समजूत होती आणि तिचा फायदा मीही करून घेतला, हे कबूल करतो.

फोन शेवटी सुटला तो ड्रॉइंगमुळे. गिऱ्हाइके मेलमध्ये दोन ओळी लिहिण्याऐवजी पूर्ण पानाचे ड्रॉइंग पाठवू लागली, नंतर नुसता फोटो पाठवू लागली, आणि अडीच इंचांहूनही लहान पडद्यावर ते माप वाचताना मी एकदा ३ चे ८ वाचले. फोनचा यात काही दोष नाही, तो पत्रे वाचण्यासाठी केला होता, चित्रे बघण्यासाठी नव्हे. त्या आठवड्यात मी मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड फोन घेतला. संपर्कक्रमांक नव्या फोनवर आले, मेमोपॅड मात्र तिथेच राहिला.

आता अडचण. गेल्या आठवड्यात फोन चार्ज करून सुरू केला तर तो पासवर्ड मागू लागला. आठवतील ते चार पासवर्ड घालून पाहिले, चारही चुकले. दहा वेळा चुकल्यास फोन आतले सगळे पुसून टाकतो असे अंधूक आठवत असल्यामुळे तिथेच थांबलो. तेवढ्यात मागचे झाकण वर उचलल्यासारखे दिसले. बॅटरी फुगली होती, ती काढून बाजूला ठेवली आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केली. एका दुकानदाराने फोन हातात घेऊन कौतुकाने बटणे दाबून पाहिली आणि परत दिला. दुसऱ्याने मेमरी कार्ड काढून ‘यात सगळा डेटा येईल’ असे सांगून आगाऊ पैसे मागितले, तेव्हा मी निघून आलो.

जमेची बाजू एवढीच की जुन्या लॅपटॉपवर एप्रिल २०११ ची एक बॅकअप फाइल सापडली आहे. तिच्या नावाच्या शेवटी ‘आयपीडी’ आहे आणि ती कशातच उघडत नाही. मला विचारायचे आहे ते असे: ही फाइल वाचण्याचा काही मार्ग आहे का? उरलेले सहा प्रयत्न वापरावेत की नाही? मेमरी कार्डात खरोखर काही असेल का? आणि कंपनी स्वतः अशा जुन्या गिऱ्हाइकांना आज काही मदत करते का? माझी जोडणी वैयक्तिक होती, एखाद्या ऑफिसच्या सर्व्हरमार्फत नव्हती.

प्रतिसाद १

आपण पैसे न देता निघून आलात ते उत्तम केलेत. मेमोपॅडच्या नोंदी फोनच्या अंतर्गत स्मृतीत राहत, कार्डावर फोटो, गाणी, ध्वनिमुद्रणे अशा फाइली जात. पासवर्डला तूर्त हात लावू नका. दहाची मर्यादा खरी आहे. पाच चुका झाल्यावर फोन आपल्याला ‘ब्लॅकबेरी’ हा शब्द टाइप करायला लावतो, तो फोन खिशात असताना चुकून बटणे दाबली जात नाहीत ना याची खात्री करण्यासाठी. त्याने पासवर्ड उघडत नाही, हे ध्यानात ठेवा.

आयपीडी फाइलची आधी एक प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. बराचसा भाग चौकोन आणि विचित्र चिन्हे दिसतील, पण बॅकअप घेताना आपण फाइल पासवर्डने कूटबद्ध केली नसेल तर मधून मधून आपली रोमन लिपीतली वाक्ये जशीच्या तशी दिसायला हवीत. शोधाच्या चौकटीत ‘मॅन्ड्रेल’ हा शब्द आपण ज्या स्पेलिंगने लिहीत होता त्याच स्पेलिंगने घाला. नीट मांडणी हवी असेल तर मॅजिकबेरी नावाचा एक जुना मोफत प्रोग्रॅम या फाइली वाचत असे. तो मिळाल्यास आधी विषाणूतपासणी करूनच चालवा.

फाइल उघडल्यावर पहिली ओळ अवश्य वाचा. तिथे ही ‘इंटरॅक्टिव्ह पेजर’ची बॅकअप फाइल असल्याचे इंग्रजीत लिहिलेले असते. आपला फोन २०११ साली स्वतःला पेजर म्हणवून घेत होता! या कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या रिसर्च इन मोशनने, नव्वदच्या दशकात दुतर्फा संदेश पाठवणारे पेजर (लहान संदेश दाखवणारी खिशातली यंत्रे) काढले, आणि १९९९ साली ब्लॅकबेरी या नावाने जे पहिले यंत्र आले तेही मेल देणारे पेजरच होते. फोन त्याला नंतर चिकटला. आपला लाल दिवा, आपली बटणे, कमीत कमी डेटात चालणारा मेल, हे सारे पेजरचे गुण आहेत, आणि ड्रॉइंग न दिसणे हा त्याच घराण्याचा अवगुण, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत काही वर्षे ब्लॅकबेरीचा एंटरप्राइझ सर्व्हर, म्हणजे ऑफिसचे सगळे ब्लॅकबेरी फोन जोडणारा सर्व्हर, सांभाळत असे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपला फोन तशा सर्व्हरवर असता तर आम्ही टेबलावर बसून त्याचा पासवर्ड बदलून दिला असता. लोक पासवर्ड विसरून येत, ते आमचे रोजचे काम होते. वैयक्तिक जोडणीला ती सोय नव्हती. नंतर ब्लॅकबेरी प्रोटेक्ट नावाची सेवा आली, तिच्यातून दुरून पासवर्ड बदलता येई, परंतु आता तिच्यामागचे सर्व्हरच राहिलेले नाहीत. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने ब्लॅकबेरी ७.१ आणि त्याआधीच्या प्रणालींवरच्या, तसेच ब्लॅकबेरी १० वरच्या सगळ्या फोनांची सेवा बंद केली. मेमोपॅड वाचायला मात्र सर्व्हर लागत नाही, तेव्हा त्याची चिंता नको.

कंपनी आजही आहे, कॅनडात वॉटर्लूला, पण तिने फोन स्वतः तयार करणे २०१६ मध्येच थांबवले. त्यानंतर तिच्या नावाचे फोन टीसीएल या चिनी कंपनीने काढले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तेही संपले. आता ती सुरक्षेची आणि मोटारींची सॉफ्टवेअरे विकते. तिने २०१० साली घेतलेली क्यूएनएक्स ही प्रणाली वीस कोटींहून अधिक वाहनांत असल्याचे ती सांगते, म्हणजे चाकणच्या रस्त्यावर आपल्या शेजारून ब्लॅकबेरी अजूनही जात असेल, फक्त हातात दिसत नाही. फोनसाठी तिच्याकडे पत्रव्यवहार करून उपयोग होणार नाही.

पहिल्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी सगळे खापर पेजरवर फोडणे मला पटत नाही. खरी करामत आणि खरी अडचण मधल्या सर्व्हरांत होती. प्रत्येक मेल कंपनीच्या केंद्रातून आवळून येई, म्हणूनच तो टूजीवरही झपाट्याने पोचे, आणि म्हणूनच मोबाइल कंपनी त्याचे वेगळे पैसे घेई. आपल्याकडे २०११ च्या सुमारास थ्रीजी पसरू लागल्यावर मेल आवळण्याची गरजच कमी झाली, मग ते वेगळे पैसे कशाचे, असे लोक विचारू लागले. त्याआधी, ऑगस्ट २०१० मध्ये, हे संदेश तपासता येत नाहीत म्हणून भारत सरकारने सेवा बंद करण्याचा इशारा दिला होता. त्या महिन्यात आमच्या साहेबांचे निम्मे फोन मलाच येत. पुढे १० ऑक्टोबर २०११ ला, दसरा होऊन चार दिवस झाले असताना, एका मुख्य स्विचमध्ये बिघाड झाला, पर्यायी व्यवस्था सुरूच झाली नाही, आणि युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व भारतातली सेवा कोलमडली. सारे सुरळीत व्हायला १३ तारीख उजाडली. सगळे दोर एका खुंटीला बांधले की काय होते, ते तेव्हा सर्वांना दिसले.

आयफोन २००७ मध्ये आला होता. उत्तर म्हणून २००८ मध्ये काढलेला स्टॉर्म, ज्याची अख्खी काच बटणासारखी दाबावी लागे, मी वापरला आहे. त्याविषयी न बोललेले बरे. खरोखर नवी प्रणाली घेऊन झेड१० आला तो जानेवारी २०१३ मध्ये. तोवर अ‍ॅप लिहिणारे दुसरीकडे गेले होते, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न खपलेल्या मालापोटी, मुख्यतः झेड१० पोटी, कंपनीला सुमारे ९३ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले.

आपल्या फोनला सी-एस२ ही बॅटरी लागते. नुसत्या चार्जरवर, बॅटरीविना, तो चालू होत नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि कचऱ्याच्या बादलीतही टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नोटपॅडने काम भागले नाही तर दुसरा एखादा चालता ८५२० मिळवून, ब्लॅकबेरी डेस्कटॉप सॉफ्टवेअरने ही आयपीडी फाइल त्यात उतरवता येईल. त्याचा पासवर्ड मात्र आधी काढलेला असावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री प्रत करून फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्या ओळीत खरोखरच पेजर निघाला. ‘मॅन्ड्रेल’ शोधल्यावर काही मिळेना, मग लक्षात आले की मी तेव्हा त्यातला ‘डी’ गाळून लिहीत असे. त्या चुकीच्या स्पेलिंगने शोधल्यावर चौकोनांच्या गर्दीत एका ओळीत हे मिळाले: तार २ एसएस, मॅन्ड्रेल ११.२, भट्टीआधी ९४, नंतर ९०, ३४० ला अर्धा तास, मामाला विचार.

मामाला काय विचारायचे, ते लिहिलेले नाही. मामा म्हणजे आमचे तेव्हाचे ऑपरेटर, आता साताऱ्याकडे गावी असतात. सकाळी त्यांना फोन केला. त्यांना स्प्रिंग आठवली, गिऱ्हाईक आठवले, त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो होतो तेही आठवले. पहिला वेढा लाकडी ठोकळ्याने दाबून धरायचा, नाहीतर पाय तिरका येतो, एवढीच ती गोष्ट होती. दुपारी पाच नग काढले. चार बसले, पाचव्याला मी ठोकळा नीट धरला नव्हता.

एप्रिल २०११ नंतरच्या नोंदी अर्थातच या फाइलीत नाहीत, आणि त्यांतल्या निदान दोन कामांची आज ना उद्या गरज पडेल. त्या फक्त फोनमध्ये आहेत. तेव्हा पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाकडे कर्व्ह ८५२० ची फुगलेली नसलेली सी-एस२ बॅटरी असल्यास कृपया कळवावे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. दरम्यान पासवर्ड आठवण्याचा प्रयत्न चालू आहे. मामांच्या मते तो आमच्या जुन्या लेथचा नंबर असावा, आणि तो लेथ मी २०१६ मध्ये विकला.