मालवणला मच्छीमारांचा अभ्यास करायला जातोय, पण प्रश्नच चुकलाय असं वाटतंय

बावड्याची_पोर

नमस्कार मंडळी. मी एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष, कोल्हापूर. (मुलगीच आहे, पण कसबा बावड्याची आहे त्यामुळं करतोय, जातोय असंच तोंडात येतं, समजून घ्या.) प्रबंधिकेसाठी विषय घेतलाय मालवणचं सागरी अभयारण्य आणि तिथले मच्छीमार. 1987 साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा तीनेक चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून स्थानिकांचा विरोध. एवढं वाचून झालंय. मी प्रश्नावली केली 40 प्रश्नांची, पहिला प्रश्न "आपल्याला सागरी संवर्धनाचे महत्त्व माहीत आहे का?" आणि शेवटचा "जनजागृतीसाठी काय उपाय सुचवाल?" काल रात्री परत वाचली तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं. मी स्वतः मासा फक्त ताटात बघितलाय, तोसुद्धा आठवड्यातून एकदा, आन मी कुणाला महत्त्व विचारणार. हातात तीन आठवडे आहेत, पैसे बेताचे. काय विचारू, कुणाला विचारू, आणि मुळात जाऊ का नको?

जुना_फिल्डवर्कर

जा. आणि ती प्रश्नावली घरीच ठेव.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला मी इथं बसून सांगतो, शंभरातले शंभर जण "हो" म्हणणार. दारात वही घेऊन आलेल्या पोरीला "नाही, मला महत्त्व माहीत नाही" असं कोण म्हणेल? मी उमेदवारीच्या काळात दुसऱ्या एका किनाऱ्यावर असलेच फॉर्म भरून घेतले होते, दीडेकशे भरले असतील, आणि शेवटी त्यातून कामाला आलं काय तर एका म्हाताऱ्यानं फॉर्म संपल्यावर जाळं विणता विणता सांगितलेली गोष्ट. ती फॉर्ममध्ये नव्हतीच.

मानववंशशास्त्रात मासेमारीकडं बघायची नजर बदलली ती साधारण अशी. 1968 ला गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञानं मांडलं की जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, प्रत्येकजण ओरबाडणार आणि शेवटी सगळंच संपणार, म्हणून एकतर सरकारनं ताबा घ्यावा नाहीतर खाजगी मालकी करावी. त्यानंतर लोक प्रत्यक्ष बंदरांवर जाऊन राहिले तेव्हा चित्र वेगळंच निघालं. जेम्स अॅचेसन हा मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेत मेनच्या किनाऱ्यावर शेवंड (लॉबस्टर) पकडणाऱ्यांमध्ये काम करत होता. कायद्यानं समुद्र सगळ्यांना खुला, पण प्रत्यक्षात प्रत्येक बंदराची हद्द ठरलेली, बाहेरच्यानं तिथं सापळा टाकला तर आधी इशारा, मग सापळ्याची दोरी कापलेली. आणि त्याच लोकांत अंडी असलेली मादी सापडली की शेपटीला खाच पाडून परत पाण्यात सोडायची पद्धत, म्हणजे पुढच्याला कळावं की ही पिल्लं देणारी आहे, धरायची नाही. पुढं असल्याच स्थानिक नियमांवर एलिनॉर ऑस्ट्रॉमनं आयुष्यभर काम केलं, 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला त्यासाठीच मिळालं.

त्यामुळं संवर्धन माहीत आहे का हे सोड. इथं कोण कुठं जाळं टाकू शकतो आणि कोण नाही, मोडलं तर काय होतं, हे बघ. तेसुद्धा थेट विचारू नको, भांडण कशावरून होतात ते विचार. भांडणातून नियम लगेच कळतो.

हिशेबी_माणूस

सगळं ठीक आहे पण हे जरा जास्तच गोड चित्र झालं. मी कोल्हापुरात हॉटेल चालवतो, रोज कोकणातनं येणाऱ्या टेम्पोतला माल बघतो. दहा-बारा वर्षांपूर्वी सुरमई जेवढी यायची तेवढी आता येत नाही, आणि पापलेट तर तळहाताएवढं पण नसतं. कोण पकडतंय हे? मच्छीमारच ना? सरकारनं 2023 ला 54 जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्यात पापलेट 135 मिलीमीटर, म्हणजे वीतभर पण नाही, तेवढं सुद्धा पाळलं जात नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर केला, हे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवून फोटोला हार घालण्यातला प्रकार. स्थानिक नियम वगैरे पुस्तकात बरं वाटतं.

देवबागची_लेक

माहेर मालवणजवळचं देवबाग, सासर शाहूपुरी, बावीस वर्षं झाली कोल्हापुरात. बोलणार नव्हते पण हे "मच्छीमारच ना" वाचलं आणि राहवलं नाही.

दादा, मच्छीमार म्हणजे एक माणूस नव्हे. आमचे गाबीत लोक रापण ओढणारे. रापण म्हणजे होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा गोल मारून परत किनाऱ्याला येते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ते ओढतात, तीस-चाळीस माणसं पण लागतात, म्हातारे पण येतात, पोरं पण, आणि ज्यानं हात लावला त्याला वाटा मिळतो, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा. ही रापण मासा किनाऱ्याला येईल तेव्हाच लागते. आता बांगड्याचा थवा बाहेरच पर्ससीनवाल्यानं गोल जाळ्यात सगळाच्या सगळा उचलला तर किनाऱ्यावर काय येणार, वाळू? ज्याच्याकडं पर्ससीन आहे तो पण मच्छीमार, ट्रॉलरवाला पण मच्छीमार, रात्री मोठे एलईडी दिवे लावून मासा वर आणणारा पण मच्छीमारच म्हणवतो स्वतःला. या सगळ्यांना एका पिशवीत घालून मच्छीमारांनी समुद्र संपवला म्हणायचं, आणि बंद काय करायचं तर किल्ल्याजवळचं पाणी, जिथं जातो कोण तर छोटी होडी. आमचा अभयारण्याला विरोध का, याचं अर्धं उत्तर हे आहे.

पर्ससीनच्या विरोधात आमची माणसं कित्येक वर्षं रस्त्यावर उतरली. 5 फेब्रुवारी 2016 ला आदेश निघाला, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर चार महिनेच, जाळ्याचा आस (भोक) किती ते ठरलं, नवीन परवाने नाहीत. 2017 ला केंद्रानं एलईडीवर बंदी घातली, 2021 ला 1981 च्या मासेमारी कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. हे सगळं मागितलं कुणी? संवर्धन हा शब्द न वापरता संवर्धन मागणारी ही माणसं, आणि पोरीच्या प्रश्नावलीत जनजागृती त्यांचीच करायची.

आणखी एक. सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. 1 ऑगस्टला मोठ्या बोटी सुटतात. आमचे वडील नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसत, आणि ती पौर्णिमा बहुतेक वर्षी 1 ऑगस्टच्या पुढंच येते. म्हणजे आमच्या घरचा नियम सरकारपेक्षा कडक होता. त्याला कोणी श्रद्धा म्हणतं, कोणी खवळलेल्या समुद्राची भीती म्हणतं. वडील म्हणायचे, "दर्याक पण इसवाटो व्हयो."

पोरी, माझी मावशी लिलावाला बसते. तिच्याकडं उतर. पण पहिल्या दिवशी वही काढू नको, ती तुला विचारेल "तुका काय व्हया ता आधी सांग". आणि तिथं मी जातो, मी येतो म्हणालीस तर अख्खं मार्केट हसेल, पण चांगलंच आहे, हसली की बोलतात.

जुना_फिल्डवर्कर

ताईंनी दोन वाक्यांत माझं सगळं लेक्चर पुसलं, बरं झालं.

त्यांनी मावशी म्हटलं ते नीट ऐक. मासेमारीवरचा जुना अभ्यास बराचसा बोटीवरच्या पुरुषांचा आहे, कारण संशोधकही पुरुष आणि त्यांना समुद्रात जायची हौस. पण मासा किनाऱ्याला लागल्यावर त्याचा पैसा कसा होतो, उधारी कुणाची, डिझेलला आगाऊ पैसे कोण देतं आणि त्या बदल्यात माल कुणाला घालावा लागतो, हे बायकांना जास्त माहीत असतं. बारीक मासा का पकडला जातो याचं उत्तर बरेचदा त्या उधारीत असतं, अज्ञानात नसतं. हिशेबी साहेब, तुम्ही स्वतः बारीक पापलेट विकत घेता का हो? राग मानू नका, खरंच विचारतोय.

आणि एक ताकीद. जुने तांडेल (होडीचे म्होरके) जमिनीवरच्या खुणा जुळवून जागा शोधतात, अमुक देऊळ आणि तमुक डोंगराचं टोक एका रेषेत आलं की खाली खडक, तिथं मासा. विश्वास बसला की तुला सांगतील. ते नकाशात घालू नको. एकदा छापलं की ती जागा त्यांची राहत नाही. तसंच बेकायदा दिवे कोण लावतं हेही कानावर येईल, नावं वहीत सुद्धा लिहू नको.

हिशेबी_माणूस

घेतो. ग्राहकाला प्लेटमध्ये अख्खं पापलेट पाहिजे असतं आणि दर परवडला पाहिजे, मोठं घेतलं तर थाळी कितीला लावू? माझाच मुद्दा माझ्यावर आला, मान्य. पण मग मलाही तिच्या प्रबंधिकेत घ्या की, समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर बसून मी पण त्या धंद्यात आहेच. जून-जुलैत इकडं बंदी असते तेव्हा गिऱ्हाईक थांबत नाही, पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, ती उठली की तिकडचा माल यायला लागतो, नाहीतर बर्फातला. इथल्या माणसाला समुद्र बंद आहे हे कळतसुद्धा नाही, फक्त दर कळतो.

नदीकाठचा_भोई

मी जरा आडवं बोलतो. आमच्या कोल्हापूरची पोरं मासेमारी म्हटलं की लगेच मालवणची एसटी बघतात. आरं हितं पंचगंगेला आमच्या चार पिढ्या गेल्या. आज्जा सांगायचा नदीत कसलं कसलं मासं होतं, वाम, मरळ, आता जाळ्यात बघावं तर चिलापी, ती पण बाहेरची. इचलकरंजीच्या खाली तेरवाडच्या बंधाऱ्याला मासा मरून पांढरा थर येतो तेव्हा पेपरात फोटो येतोय, पण आमाला त्याच्या आधी कळतंय, पाणी कमी झालं आन वरनं घाण आली की मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय, मग आमी जाळं बी टाकत न्हाई. ते कोण इचारायला आलं न्हाई आजपतूर. समुद्राला अभयारण्य तरी हाय, नदीला काय हाय? पोरी, मालवणला जा, जाऊ नको म्हणत न्हाई. पण जायच्या आधी एक दिवस घाटावर ये. जाळं कसं धरत्यात एवढं तरी शिकून जा, तिकडं कोल्हापूरचं नाव घालवू नको.

देवबागची_लेक

भाऊ, अगदी बरोबर. आणि अभयारण्य असून सुद्धा आमचं काय फार बरं चाललंय असं नाही. होड्या पर्यटकांना फिरवायला लागल्या, माझा चुलतभाऊ आता स्नॉर्कलिंगला नेतो, जाळं माळ्यावर. कमाई बरी आहे, खोटं का बोलू. पण ज्या प्रवाळावर मासे वाढतात म्हणून आम्हाला नको म्हणत होते तिथंच आता गर्दीच्या दिवसात बोटींचे नांगर पडतात. तो म्हणतो मासे मारताना मी गुन्हेगार होतो, दाखवताना नाही. हे त्याचंच वाक्य आहे, पोरी, त्याला विचारल्याशिवाय छापू नको.

चांगलं पण आहे हो. कासव जाळ्यात अडकलं तर आधी जाळं वाचवायचं म्हणून कासवाचं काही खरं नसायचं. 2018 च्या शेवटाला योजना आली, जाळं कापून कासव, डॉल्फिन सोडून दिला की 25 हजारांपर्यंत भरपाई. व्हिडिओ काढून द्यायचा. आता पोरं हौसेनं व्हिडिओ काढतात. म्हणजे नुकसान माझं आणि पुण्य तुमचं असं नसलं की माणसं करतात. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बायकांचा बचत गट होडी वल्हवत कांदळवन दाखवतो, तिथं पण जाऊन ये, एक दिवसाचं काम आहे.

बावड्याची_पोर

बाप रे, एवढं सगळं. सकाळपासनं तीनदा वाचलो.

काल भोई काकांकडं घाटावर जाऊन आलो. जाळं फेकायला दिलं, माझ्याच डोक्यावर पडलं, सगळी पोरं हसली. पण नंतर एक आजोबा दोन तास बोलत बसले, कुणी कुठल्या डोहात जाळं लावायचं हे घरागणिक ठरलेलं असायचं म्हणे. मी काहीच विचारलं नव्हतं, नुसती जाळ्यातला गुंता सोडवायला बसलो होतो. हार्डिनला इथं आणायला पाहिजे होता.

मार्गदर्शकांना फोन केला, प्रश्नावली रद्द म्हटल्यावर ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले परिशिष्टाला काहीतरी तक्ता लागेलच, त्याचं काय करणार? तर आता तक्ता भांडणांचा करतोय. कोण कोणाशी, कशावरून, कुठल्या महिन्यात, मिटलं कसं. नावं नाहीत, जागा नाहीत. आणि मासा होडीतून हिशेबी काकांच्या थाळीपर्यंत येताना किती हात बदलतो ते मावशींपासून सुरू करून गगनबावड्याच्या घाटानं उलटं कोल्हापूरपर्यंत. काका, एक दिवस पहाटे टेम्पो उतरताना येऊ का?

ताई, मावशींना काय नेऊ? रिकाम्या हातानं बरं दिसणार नाही.

हिशेबी_माणूस

ये, साडेपाचला. चहा माझ्याकडून, पण दर छापू नको.

देवबागची_लेक

कांदा-लसूण मसाला ने, अर्धा किलो. दरवर्षी मी नेते आणि दरवर्षी म्हणते, "ह्या आमच्या माशाक चलणा नाय." आणि दोन महिन्यांत डबा रिकामा असतो.