वाचनालयात सापडलेल्या 78 च्या रेकॉर्डची नोंद कशी करावी?

निशिगंध
नमस्कार. मी सांगलीची. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात हौसेने, बिनपगारी काम करते. तिथे माडीवरच्या कपाटात 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या, रेकॉर्ड निघाल्या. एका वकिलांच्या घरच्यांनी वाडा पाडताना आणून दिलेल्या. बरंचसं नाट्यसंगीत, थोडी भावगीतं, काही कीर्तनं. कव्हरं फाटलीत, काहींवर पांढरी बुरशी आहे, दोन-तीन तडकल्यात. कार्यकारिणी म्हणते, फोनोच (ग्रामोफोन) नाही तर ठेवून करायचं काय? मी हातापाया पडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी नाटक उभं केलं, त्या गावातून नाट्यपदं भंगारात गेलेली मला बघवणार नाहीत.

आधी पुसून घेऊ की आधी यादी करू? वहीत काय काय लिहायचं? आणि बुरशीला स्पिरिट चालेल ना?

तबकडी_दादर
ताई, स्पिरिट अजिबात नको! ही तबकडी लाखेची असते. लाख, दगडाची पूड, काजळी. सुतार चपडा, म्हणजे हीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो. स्पिरिटचा बोळा फिरवलात तर बुरशीबरोबर खाचाही जातील आणि त्यातलं गाणंही. सध्या मऊ, कोरडा ब्रश, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, तोही गच्चीत किंवा व्हरांड्यात, तोंडाला मास्क लावून. लेबलला पाणी लागू देऊ नका.

पण तेही नंतर. आधी नोंद. मी मुंबईत एका ट्रस्टच्या संग्रहात दर शनिवारी हेच काम करतो, आणि माझं ठाम मत आहे की पुसण्याच्या घाईत जितकी माहिती जाते तितकी बुरशीनेही जात नाही. फाटकं कव्हर कचरा म्हणून पहिलं फेकलं जातं. परवा एका कव्हरावर दुकानदाराचा जांभळा शिक्का होता आणि कोपऱ्यात पेन्सिलीने कुणाच्या तरी मुंजीची तारीख. म्हणजे रेकॉर्ड कुठून आली, कशासाठी आली, सगळं त्या कागदावर. कव्हरं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यांच्यावर रेकॉर्डचाच दाखल क्रमांक पेन्सिलीने घाला.

प्रत्येक बाजूची नोंद स्वतंत्र करा. लेबलवर जे छापलंय ते तसंच्या तसं, त्याच लिपीत, चुकीच्या स्पेलिंगसकट. 'हे नाव असं नसावं' असं वाटलं तर शेजारच्या रकान्यात लिहा. शाळेत शिकवलंय तुम्ही, लाल पेन हातात घ्यावंसं वाटेल, पण इथे नको. नाटकाचं नाव, राग, ताल हेही पुष्कळदा लेबलवर असतं, ते सोडू नका.

आता महत्त्वाचं. लेबलवरचा क्रमांक सगळे लिहितात, पण आणखी एक असतो. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यामधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला. टॉर्च आडवा धरून रेकॉर्ड जराशी तिरकी केलीत की उजेडात अंक उठून दिसतात. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. तेच गाणं कंपनीने पुढे दुसऱ्या लेबलवर नव्या नंबराने विकलं तरी हा बदलत नाही. दोन वेगळ्या वाटणाऱ्या रेकॉर्ड एकाच ध्वनिमुद्रणाच्या निघतात त्या यावरूनच.

लेबलवर 'हॅनोव्हर' दिसलं किंवा रेकॉर्ड एकाच बाजूची असली तर ती बाजूला काढा. ग्रामोफोन कंपनीचा सियालदहचा कारखाना 1908 सालचा; त्याआधी गाणं इथे मुद्रित व्हायचं आणि तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून बनून यायच्या.

आणि त्या वकिलांच्या घरी आजच फोन करा. कोण ऐकायचं, कुठून घ्यायचे, हे सांगणारं माणूस अजून असेल.

पेटीवाला_मिरज
दादरकरांशी सहमत. एक भर घालतो. उत्साहाच्या भरात कुणाचा तरी जुना चावीचा फोनो आणून त्यावर रेकॉर्ड लावू नका. जाड पोलादी पिन खाचा खरवडते. पूर्वीसुद्धा प्रत्येक बाजूला पिन बदलायचे ते उगाच नाही. डिजिटल करायचं तर 78 साठीची वेगळी सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या रेकॉर्डची, सुई बारीक, ती या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

शिवाय 78 छापलंय म्हणून वेग 78 च असेल असं नाही, विशेषतः सुरुवातीच्या काळातल्यांचा. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारा गवय्या पांढरी सहामध्ये ऐकू आला तर पुढची पिढी त्याचा आवाजच चुकीचा धरून बसेल. म्हणून वेग कुठला ठेवला तेही वहीत लिहा. पट्टी ताडून बघायला मी पेटी घेऊन सांगलीला येतो, केव्हाही कळवा.

निशिगंध
दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही याच, कार्यकारिणीसमोरच पेटी काढू. वकिलांच्या सूनबाईंशी बोलले. सासूबाई हयात आहेत, नव्वदी पार केलीय, पण पदं तोंडपाठ आहेत म्हणे. रविवारी जाते, मोबाइलवर बोलणं मुद्रित करून घेईन.

दोन शंका. तडकलेल्या फेविक्विकने चिकटवू का? आणि डिजिटल केल्यावर यूट्यूबवर टाकता येतील का?

तबकडी_दादर
चिकटवू नका. डिंक खाचेत उतरला की सुई तिथेच अडते. तुटलेल्या रेकॉर्डचे सगळे तुकडे, अगदी नखाएवढासुद्धा, एका पाकिटात आडवे ठेवा. जाणकाराच्या हातून त्यांचंही ध्वनिमुद्रण होऊ शकतं. धड असलेल्या मात्र उभ्याच, सरळ, पुस्तकांसारख्या. तिरक्या राहिल्या तर वाकतात. वजनाला भारी असतात, तेव्हा खालचा कप्पा घ्या, भिंतीची ओल बघून.

यूट्यूबचं असं, की ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. तुमच्याकडच्या बऱ्याचशा त्यातून सुटल्या असतील. पण पद लिहिणाऱ्याचा आणि चाल देणाऱ्याचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणून प्रत्येक पदाचं वेगळं बघावं लागेल. वाचनालयात बसून ऐकवायची सोय आधी करा.

आजींकडे जाताना लेबलांचे फोटो मोठ्या आकारात छापून न्या. मोबाइलच्या पडद्यावर त्यांना वाचता येणार नाही.