मॅप स्विच कोणता घेऊ? लवकर सांगा (नाशिक)

मातीत_रुतलेला
मंडळी, बाइकला मॅप स्विच लावायचाय, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर इंजिनाने पॉवर हळू द्यायची का झटक्यात (तो मॅप) ते बदलणारं बटण. ऑनलाइन बघायला गेलो तर काहीशे रुपयांच्या टॉगलपासून (साधा खटका) पार हजारोंच्या बटणांपर्यंत सगळं आहे, डोकं चालेना. त्र्यंबक साइडला भातखाचरांच्या कडेकडेने जातो आम्ही, थ्रॉटल जरा दिला की मागचं चाक जागेवर भिरभिरतं आणि गाडी पुढे जायची सोडून आडवी होते. त्यामुळे पावसाळ्यापुरता सॉफ्ट मॅप पाहिजे. रविवारी परत जायचंय, थिअरी नको, थेट नाव सांगा कोणता घेऊ.

सातपूर_सीएनसी
गाडी कोणती?

मुरूम_आणि_मी
गाडी, मॉडेल वर्ष, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कंपनीचाच आहे का बदललाय, सध्या हँडलवर स्विच आहे का नाही. हे न सांगता स्विच विचारणं म्हणजे मेडिकलवर जाऊन नुसतं 'गोळी द्या' म्हणण्यासारखं आहे.

एक्सपल्स_अण्णा
हिरोची एक्सपल्सच असणार, नाशकात दुसरं काय चालतं. हे बघ भाऊ, २०० ४व्ही ला कंपनीच्या ईसीयूत एकच मॅप आहे, त्यामुळे तू नुसता स्विच आणून लावलास तर हँडलवर शोभेचं बटण होईल, बाकी काही नाही. आधी पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जादा डबा) घे, बेंगळुरूचा पॉवरट्रॉनिक वगैरे असतात तसला, तो सेन्सरचा सिग्नल मध्येच पकडून इंधन आणि इग्निशन टायमिंग स्वतःच्या हिशोबाने देतो, त्यात दोन मॅप टाकता येतात आणि मग त्याचा स्विच हँडलवर. मी लावलाय, सुरगाण्याच्या चढाला गाडी वेगळीच वाटते.

सातपूर_सीएनसी
अण्णा, त्याने एक्सपल्स कुठे म्हटलंय? आणि १९ पीएसच्या गाडीचं चाक भिरभिरतंय म्हणून कोणी मॅप बदलतं का, टायर बदलतात.

एक्सपल्स_अण्णा
१९ पीएस चिखलात कमी नसतात शेठ, एकदा मागे बसून बघा.

मातीत_रुतलेला
अहो ३५० आहे, ऑफरोडवाली. इतकं काय त्यात. स्विच सांगा ना कोणीतरी.

गोदाकाठचा_बुलेटवाला
क्लासिक ३५० का मिटिऑर? दोन्हीला मॅपबिप काही नसतं भो, कोणी विकत असेल तर फसवतोय. आणि ती खाचरात घालू नको, काढायला ट्रॅक्टर लागेल. आमच्या ग्रुपमधल्या एकाची मागच्या श्रावणात काढली आहे तशी.

मातीत_रुतलेला
बुलेट नाही हो!! केटीएम ३५० ईएक्ससी-एफ. मावसभावाची आहे, तो पुण्याला गेला म्हणून माझ्याकडे. आपण छोटा हत्तीत टाकूनच नेतो, रोडवर नाही चालवत, तेव्हा आरटीओ वाल्यांनी सुरू होऊ नका.

सातपूर_सीएनसी
तेरा लाखाच्या आसपासची गाडी आणि तू काहीशेचं टॉगल बघतोयस. 🙏

मुरूम_आणि_मी
आता बोलता येईल. दोन गोष्टी वेगळ्या कर. मॅप स्विचमध्ये नसतो, ईसीयूमध्ये असतो. स्विच फक्त ईसीयूला 'दुसरा घे' सांगतो. साध्या टॉगलमध्ये आत काहीच नसतं, एक वायर ईसीयूकडून येते, एक अर्थला जाते, सर्किट उघडं असेल तर पहिला मॅप, जोडलं की दुसरा. म्हणून तो स्वस्त असतो, आणि त्याने काम होतं पण.

पण तुझा प्रॉब्लेम वेगळा आहे. ईएक्ससी-एफला स्विच नसेल तर ती आपसूक पहिल्याच मॅपवर चालते आणि दोघांत मवाळ तोच. दुसरा आहे तो तिखट, थ्रॉटलला लगेच उसळणारा. म्हणजे तू टॉगल लावलास तर तुला मिळणार काय? चिखलात अजून भिरभिरणारं चाक.

तुला जे पाहिजे ते कॉम्बिनेशन स्विचवर (मॅप आणि टीसी दोन्हींची बटणं एकत्र) असतं, टीसीचं बटण, टीसी म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, चाक घसरू न देणारं. त्याला चाकावर वेगळा सेन्सर लागत नाही. थ्रॉटल जेवढा उघडलाय त्या मानाने आरपीएम जास्त झपाट्याने चढला की ईसीयू समजतो चाक घसरलं आणि पॉवर ओढून घेतो. ओल्या मुळांवर, शेवाळलेल्या दगडावर हे फार कामाचं. साध्या टॉगलला टीसी येत नाही, तेवढं बघून घे. याच गाडीचं सिक्स डेज नावाचं स्पेशल व्हर्जन असेल तर हा स्विच आधीच लागलेला असतो, म्हणून विचारतोय, डाव्या हँडलवर बघितलंस का नीट?

मातीत_रुतलेला
डावीकडे हॉर्न-लाइटचं आहे तेवढंच. मग सॉफ्ट मॅप कुठून आणायचा?

पेठ_रोड_प्लास्टिक
मॅपच्या नादाला लागूच नका. थ्रॉटलचा कॅम बदला. या गाड्यांना ग्रिपच्या आत प्लास्टिकचा कॅम असतो, दोन प्रकारचे येतात, एक केबल हळू ओढतो एक पटकन. हळूवाला टाकला की मनगट थोडं हललं तरी गाडी उसळत नाही. मावसभावाला विचारा डबा कुठे ठेवलाय, गाडीबरोबर सुट्ट्या सामानात आलेला असेल. फुकटात काम.

सातपूर_सीएनसी
त्याच्याही आधी मागच्या टायरची हवा. ट्यूब असेल आणि रिमलॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा क्लॅम्प) असेल तर १२-१३ पीएसआयवर ये. रस्त्यावरच्या गाडीसारखी २८ भरून खाचरात गेलास तर ट्रॅक्शन कंट्रोल काय, देव आला तरी ग्रिप मिळणार नाही.

पेठ_रोड_प्लास्टिक
हवा कमी केली की दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते, त्र्यंबकच्या पट्ट्यात दगड कमी आहेत का?

सातपूर_सीएनसी
म्हणून तर १२ म्हटलं, ६ नाही. आणि जाड ट्यूब टाका ना, तिथे कशाला कंजुषी.

केएक्स_२५०_नाशिक
कावासाकी केएक्सला कसलाच स्विच लागायचा नाही, मॅप बदलायला रंगीत कपलर (खोचायचे प्लग) यायचे तीन, हिरवा स्टँडर्ड, काळा कडक जमिनीला, पांढरा मऊ जमिनीला. उपटायचा आणि दुसरा खोचायचा. तो खिशातून पडला की मात्र संपलं. आता नवीन ४५० ला बटण दिलंय. यामाहाच्या वायझेडला तर फोनवरूनच मॅप टाकतात.

मातीत_रुतलेला
दादा माझी केटीएम आहे.

केएक्स_२५०_नाशिक
हो माहितीये, माहिती म्हणून सांगितलं.

रानवाटा_त्र्यंबक
एक विचारू? 'त्र्यंबक साइड' म्हणजे नक्की कुठे? अंजनेरीच्या बाजूला असाल तर तिथून लांब राहा. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. आणि खाचरांचे बांध फुटले की शेतकऱ्याने पुन्हा बांधायचे का? मागे एका बांधावर टायरच्या नक्षीची बोटभर खोल चरी पडलेली मी स्वतः बघितलीय, त्यातून पाणी खालच्या खाचरात वाहून चाललं होतं.

मातीत_रुतलेला
आम्ही बैलगाडीच्या वाटेने जातो, बांधावर नाही. विषय भरकटवू नका.

रानवाटा_त्र्यंबक
विषय तुमचाच आहे. मागचं चाक जागेवर फिरतं तेव्हा ती वाटच उकरली जाते.

एक्सपल्स_अण्णा
टीसी लावला तर कमी उकरेल, बघा दोघांचं जमलं 😄

मातीत_रुतलेला
बरं. मुरूमभाऊ, कॉम्बी स्विच फिक्स. आता वायरिंगचं काय? इथे नाशकातच द्वारकेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तो म्हणतो वायर कापून जोड देतो.

मुरूम_आणि_मी
वायर कापायला देऊ नको!! हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यात) कनेक्टर दिलेला असतो, हेडलाइटचा मास्क काढ, मागे टोपी लावलेला मोकळा कनेक्टर दिसेल. खटकन बसतो. हे चायना टॉगल लोक वायर कापून बसवतात आणि मग जोडात पाणी शिरतं, ग्रुपमधल्या एकाची गाडी ओढ्यातून बाहेर आल्यावर मॅप आपोआप बदलत होता, ऐन चढावर.

स्विच घेताना मॉडेल वर्ष नाही, चेसिस नंबर सांग, दुकानदार त्यावरून पार्ट काढेल. वर्षावर्षाला कनेक्टर आणि बटणं बदलली आहेत, नव्यात क्विकशिफ्टरचंही (क्लच न दाबता गिअर टाकायचं) बटण आहे. आणि मॅन्युअलमध्ये दिलंय, चालू गाडीवर मॅप बदलायचा तर थ्रॉटल पूर्ण बंद आणि आरपीएम ४,००० च्या खाली पाहिजे. नाहीतर दाबत बसशील आणि म्हणशील स्विच खराब.

मातीत_रुतलेला
मास्क काढला, टोपीवाला कनेक्टर आहे. पण स्विच रविवारच्या आत येत नाही म्हणतात, दोन आठवडे.

सातपूर_सीएनसी
मग रविवारी हवा कमी कर आणि कॅम बदल.

पेठ_रोड_प्लास्टिक
हवा नको, कॅम.